तीनशे बारा नामांची योग्यता

प्रताप नगरच्या रुपराव लांजेवार मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकदाच शेखी मिरवली, आणि तीही चहा पिता पिता, म्हणजे काही पूर्वतयारी न करता. शहाण्या माणसानं निदान कप खाली ठेवून बोलावं. पण १९८६ च्या मार्चमध्ये पेपरात आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या, की संगणकाला समजावून सांगायला संस्कृत ही म्हणे फार सोयीची भाषा आहे, आणि सकाळी साडेसातलाच शेजारचे मनोहरराव तो पेपर फडकवत फाटकात उभे राहिले. मनोहररावांचा जन्म एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेलेला. कुठलाही कागद संबंधित माणसाच्या हाती पोचवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"मास्तर, अब तो तुमचीच चलती आहे! कंप्युटर म्हणते, मले संस्कृतच पायजे. अन् तुम्ही काहून चूप बसून राहिले?"

"पेपरवाल्यांचं काय ऐकता," रुपराव म्हणाले. "भाषा कोणतीही घ्या, वाक्यात घोळ असतोच. एका वाक्याचे दोन अर्थ निघतात. मात्र त्यातला खरा अर्थ कसा निवडायचा, हे आपल्या न्यायशास्त्रवाल्यांनी, म्हणजे जुन्या तर्कपंडितांनी, असं बारीक लिहून ठेवलं आहे, की एखाद्या यंत्रालाही शिकवता येईल."

"मग शिकवा ना!"

"शिकवीन की."

बस, एवढीच ती शेखी. संध्याकाळपर्यंत वस्तीत खबर पसरली, की लांजेवार मास्तर घरात कंप्युटर बनवून राहिले. रात्रीच्या जेवणाला प्रेमिलाबाईंनी नवऱ्याला भाकर वाढत विचारलं, "आयकलं का, तो कंप्युटर ठेवणार कुठं? माझी धान्याची कोठी मी हलवू देणार नाही, सांगून ठेवते."

लोकांचं रुपरावांनी हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी ते नानाजी शास्त्रींकडे गेले, तेव्हा खबर तिथंही पोचलेली. नानाजी म्हणजे रुपरावांचे गुरू. नागपूरच्या जुन्या महाल वस्तीत दोन खोल्यांत राहायचे, वय चौऱ्याऐंशी, सोवळ्याचे कडक आणि जिभेचे त्याहून कडक. कुहीच्या धानवाल्या शेतकऱ्याचा चौदा वर्षांचा पोरगा त्यांच्या दारात येऊन "मले न्याय शिकवा" म्हणाला, तेव्हा नानाजींचे सगेसोयरे भुवया चढवून बसले होते. "पोरगा प्रश्न विचारतो," एवढंच बोलून नानाजींनी त्याला अकरा वर्षं शिकवलं. पुढं तो पोरगा शाळेत मास्तर झाला आणि तीस वर्षं आठवीच्या वर्गाला 'रामः रामौ रामाः' घोकून घेत बसला, हे शल्य नानाजींनी कधी लपवलं नाही.

"यंत्राला शिकवणार म्हणे तू?" नानाजींनी विचारलं. "शिकव बाबा. माणसांना तर काही शिकवलं नाहीस. माझी विद्या तुझ्यापाशी आली आणि थांबली, रुपराव. वाहत्या पाण्याला बांध पडावा तशी थांबली."

रुपराव सायकलवरून घरी आले ते अजनीचा पूल कधी ओलांडला हेही न कळता. बेचाळीस वर्षांचा गुरू, आणि त्याचा हा हिशोब! त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की यंत्राला शिकवायचं, आणि नानाजींच्या डोळ्यांदेखत शिकवायचं.

आता यंत्र होतं सिव्हिल लाइन्सच्या एका सरकारी ऑफिसात, आणि नशीब बघा, ते चालवणाऱ्यांत रुपरावांची एक जुनी विद्यार्थिनी होती. शामला गजभिये. संस्कृतमध्ये शंभरात छत्तीस, पण गणितात अशी पोरगी की परीक्षकालाच घाम फुटावा.

"सर," शामला म्हणाली, "हे यंत्र माझ्याहून ढ आहे. त्याले काहीच माहीत नाही. सांगितलं तेवढंच करते."

रुपरावांनी कागदावर लिहिलं: 'मित्रं पत्रं लिखति.' "बघ, मित्र आणि पत्र दोन्ही शब्द एकाच साच्यातले. व्याकरणाला विचारशील तर ते म्हणेल, मित्र पत्र लिहितो, किंवा पत्र मित्राला लिहून काढतं. दोन्ही बरोबर."

"असं कसं? पत्र कुठं लिहिते?"

"हे तुले कोणी शिकवलं?" खुशीत आले की मास्तरांची पुस्तकी भाषा गळून पडायची आणि कुही वर यायची.

"शिकवाले काय लागते त्याच्यात?"

"तुले नाही लागत, यंत्राले लागते! याचंच नाव योग्यता. आधी आकांक्षा, म्हणजे 'लिहितो' म्हटलं की मन विचारते, कोण लिहितो, काय लिहितो. मग सन्निधी, म्हणजे शब्द जवळजवळ पाहिजेत, आज 'मित्र' म्हटलं अन् परवा 'लिहितो' म्हटलं तर कोणाले समजणार? अन् तिसरी योग्यता. ती गोष्ट खरोखर जगात होऊ शकते का?"

शामला पेन्सिल चावत बसली. मग तिनं कागदावर तीन चौकोन काढले, त्यांना बाण जोडले आणि म्हणाली, "सर, हे तर प्रोग्रामच आहे. लिहिणाऱ्यानं फक्त यंत्राची वाट नाही पाहिली." रुपरावांच्या छातीत जे काही झालं, ते सांगायला संस्कृतातही शब्द नसावा. शंभरात छत्तीसवाल्या पोरीनं एका वाक्यात जे ओळखलं, ते त्यांच्या शाळेतल्या एकाही हेडमास्तरला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

अडचण एकच. योग्यता यंत्राला सांगायची, तर जगातली प्रत्येक वस्तू काय करू शकते आणि तिचं काय करता येतं, हे आधी लिहून काढायला हवं. रुपरावांनी जगाला बरीच कात्री लावली आणि तीनशे बारा नामांवर व चाळीस क्रियापदांवर आणलं. तरी प्रत्येक नामापुढं चाळीस खुणा! एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं. मग त्यांनी प्रत्येक नामाचा एक कागद केला, आणि थोडे स्वतःकडं ठेवून बाकीचे वस्तीत वाटले.

ही त्यांची पहिली चूक. वस्तीनं ते काम लग्नकार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. कुसुमताईंच्या भजनी मंडळानं स्वयंपाकघर घेतलं, मनोहररावांनी पक्षी आणि कार्यालयीन सामान. शिवाय प्रत्येक कागदावर भरणाऱ्याची सही पाहिजेच असा मनोहररावांनी हट्ट धरला, कारण "मागून लोक मुकरतात, मास्तर, माझी सारी नोकरी त्याच्यातच गेली."

भरलेले कागद परत आले आणि रुपरावांनी डोक्याला हात लावला. कुसुमताईंनी 'चूल' या नामापुढं 'बोलते' वर खूण केली होती.

"चूल बोलते, ताई?"

"म्हणजे काय! फुरफुरली की पाहुणे येणार असतात. गेल्या गुरुवारी फुरफुरली अन् संध्याकाळी माझी नणंद काटोलहून उतरली, चार जीव घेऊन."

मनोहररावांनी 'कागद' पुढं 'चालतो' वर खूण करून कंसात लिहिलं होतं, 'वजन ठेवल्यास.' आणि 'मांजर' पुढं कोणीतरी 'अडवते' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"अहो, हे सारं लक्षणेत जाईल, योग्यतेत नाही!" रुपराव ओरडले. लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जमेना, की घ्यायचा तो दुसरा. पण मास्तर आपल्या घराची लक्षणं काढून राहिले अशी कुसुमताईंची समजूत झाली, आणि त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंनी वाटीभर रस पाठवून समेट केला. रुपरावांनी लाल शाई घेतली आणि वस्तीभरच्या रीती, समजुती, शकून-अपशकून सारे खोडून काढले. "शास्त्र पाहिजे," ते ज्याला त्याला ऐकवत, "घरची रीत नको!"

तिकडं ऑफिसात अर्ज फिरत होता. यंत्राचा वेळ मागण्याच्या छापील नमुन्यात प्रयोजनाचे तीनच रकाने होते: पगारपत्रक, साठा आणि इतर. संदिग्धतेचं निवारण हे 'इतर' मध्ये घालायला साहेब तयार होईनात, कारण 'इतर' ची मंजुरी मुंबईहून यायची. शेवटी ते साठ्यात बसलं. एकदा साठ्यात बसलं म्हटल्यावर दर सोमवारी साठ्याचं विवरणपत्र आलंच. रुपराव मुकाट्यानं भरून देत: नामे तीनशे बारा, क्रियापदे चाळीस, खराब झालेली निरंक, गहाळ निरंक. शाळेच्या हेडमास्तरांचा ना-हरकत दाखला लागला, त्यात त्यांनी लिहिलं, की संस्कृतमुळे यंत्रात बिघाड झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. साहेबांनीही एक अट घातली. मुंबईचे डॉक्टर सबनीस मे महिन्यात यंत्राच्या तपासणीला येणार होते, ते संस्कृतही जाणत. यादीतलेच शब्द घेऊन ते पाच वाक्यं लिफाफ्यात बंद करून आणतील. पाचही बरोबर सुटली तर पुढं वर्षभर दर रविवारी यंत्राचा वेळ मिळेल, एक जरी चुकलं तर 'प्रयोग अयशस्वी' असा शेरा आणि कायमची रजा.

शामलानं चहाच्या सुट्टीत बसून सारे कागद यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडून उतरवले. महिनाभर ती पोरगी चहा प्यायली नाही. पण कार्डं ठेवायची कुठं? नियमाप्रमाणे साठा अर्जदाराच्या ताब्यात. म्हणून रुपराव संत्र्याच्या पेटीत भरून ती घरी घेऊन आले.

मे महिन्यातलं नागपूर. माणसं दुपारी भिंतीकडं तोंड करून पडलेली. प्रेमिलाबाईंना त्या पेटीची दया आली. एवढी शिकलेली कार्डं, ती का उन्हात तापवायची? त्यांनी पेटी उघडून बरोब्बर कूलरपुढं ठेवली आणि वाळ्याच्या ताट्यावर दोन तांबे पाणी जास्तच घातलं. संध्याकाळी रुपराव आले तर कार्डांना पुरीसारखे फुगे आलेले.

"काहून वं केलं असं?"

"काहून म्हणजे? तुमच्या कामाले थंडक पायजे, तुम्हीच तर सांगत होते! तिथं ऑफिसात म्हणे यंत्रासाठी गारगार खोली केली आहे. यंत्राले गार, अन् यंत्राच्या लेकराले ऊन?"

या युक्तिवादात रुपरावांना हेत्वाभास, म्हणजे तर्कातली खोट, शोधूनही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीनं गच्चीवर, कुरड्या आणि सरगुंड्यांच्या शेजारी, कार्डं वाळत घातली. रुसवा विसरून कुसुमताई इस्त्री घेऊन बसल्या. मनोहरराव क्रमांक पुकारत होते, प्रेमिलाबाई काठी घेऊन कावळे हाकत होत्या. दोन दिवसांत एकही कार्ड हरवलं नाही, एकही आगंमागं झालं नाही. कोणाला संस्कृतचं अक्षर येत नव्हतं, तरी मास्तरांची विद्या आहे म्हटल्यावर त्या माणसांनी ती तळहातावर जपली. रुपराव त्यांच्यावर किती ओरडले होते, ते आठवून त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

रविवारी तीन वाजता सारे ऑफिसात जमले. नानाजी रिक्षातून आले. खोलीबाहेर शिपाई नत्थूनं त्यांना वहाणा काढायला लावल्या, कारण यंत्राला धूळ चालत नाही. आत गारवा, मंद घरघर, आणि कोणी आवाज चढवून बोलत नाही. नानाजींनी शाल लपेटली आणि इकडं तिकडं बघितलं. "पादत्राणं बाहेर, आवाज खाली. पाठशाळा बरी निघाली की, रुपराव."

डॉक्टर सबनीसांनी लिफाफा फोडला. पहिलं वाक्य, 'जलं पात्रं पूरयति.' पाणी भांडं भरतं, की भांडं पाणी भरतं? यंत्रानं खडखड करून रोमन अक्षरांत छापलं, भरणारं पाणी, भरलं जाणारं भांडं. दुसऱ्यात कोणीतरी विस्तवानं बाग शिंपत होता. यंत्रानं छापलं, 'अयोग्य.' सबनीसांच्या भुवया वर गेल्या. तिसरं सुटलं, चौथं सुटलं. दाराशी उभे मनोहरराव प्रत्येक वेळी कुसुमताईंना म्हणत, "आपली कार्डं!"

पाचवं वाक्य. शेतकरी बैलाला जेवायला निमंत्रण देतो.

यंत्रानं छापलं: 'योग्य.'

सबनीस हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "इथं फसलं बघा. हे मी मुद्दाम अर्थहीन घातलं होतं. बैलाला काय जेवायला बोलावतात?" आणि त्यांनी पाचव्या आकड्यापुढं फुली मारली.

नानाजी समोरच बसलेले. "कोणी भरला बैलाचा कागद?" रुपराव गरजले. "हजारदा सांगितलं, घरची रीत नको!"

"मी नाही, मास्तर," मनोहरराव घाबरून म्हणाले. "माझ्याकडे पक्षी होते."

शामलानं फाइल उघडून बैलाचा कागद काढला आणि रुपरावांच्या हाती दिला. ओढणे, नांगरणे, खाणे, निमंत्रण देणे, साऱ्यांवर ठसठशीत खुणा. लाल शाईचा एक ठिपका नाही. आणि खाली सही, रु. लां.

रुपरावांनी तो कागद सबनीसांपुढं ठेवला. "चूक माझी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं शेकतो. वर्षभर जू वाहिलेलं असते त्यानं. अन् मग हात जोडून त्याले म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मी अजून दर वर्षी कुहीला जाऊन देतो. कागद भरताना हात आपोआप गेला. मले ही रीत आहे असं वाटलंच नाही."

"तोंडानं सांगता बैलाला?" सबनीसांनी विचारलं.

"मग काय चिठ्ठी देता, साहेब?" नत्थूला राहवलं नाही. "आमच्याकडं बी असंच हाय." ऑफिसच्या साहेबांनीही घसा साफ करत कबूल केलं, की त्यांच्या गावीही असंच आहे.

"पण ही लोकांची रीत झाली. शास्त्राचं काय?" असं म्हणून सबनीसांनी नानाजींकडं पाहिलं.

नानाजींनी डोळे मिटले होते. "रुपराव, उभा राहा. योग्यता म्हणजे काय?"

छप्पन्न वर्षांचे रुपराव हात बांधून उभे राहिले. "अर्थाला बाध नसणं."

"विस्तवानं कोणी बाग शिंपली आहे?"

"नाही."

"बैलाला कोणी आवतण दिलं आहे?"

"मी दिलं आहे."

"तो जेवायला आला?"

"दर वर्षी येतो. पुरणपोळी खातो."

"मग बाध कुठं आहे?"

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रत्यक्षापुढं माझं अनुमान काय टिकणार," असं म्हणत त्यांनी फुली खोडली आणि पाचावर पाच लिहिलं. खरा विद्वान माणूस! चूक खोडताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. खोडल्याजागी बारीक सही पाहिजे, असं मनोहररावांनी दारातून सुचवलं, तीही त्यांनी केली.

नानाजी काठीवर जोर देऊन उठले. "चाळीस वर्षं मी योग्यतेची ही व्याख्या शिकवली. उदाहरणं तीच ती, पोथीतली. तुझ्या बैलाचं मला जन्मात सुचलं नसतं. विद्या थांबली म्हणालो होतो ना मी? ते मागं घेतो." रुपराव पाया पडायला वाकले, तर नानाजींनी त्यांचा खांदा धरून त्यांना अर्ध्यातच थांबवलं. "पण मला एक सांग. बैलाला दर वर्षी आवतण देतोस. बेचाळीस वर्षांत मला एकदा तरी दिलंस?"

बेचाळीस वर्षांत रुपरावांनी गुरूला धोतरजोड्या दिल्या, संत्री दिली, नव्या धानाचं पोतं दिलं. माझ्या घरी जेवायला या, एवढं मात्र कधी तोंडातून निघालं नाही. नानाजी दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नाहीत हे सगळ्या महालाला ठाऊक होतं, आणि नानाजींच्या तोंडून 'नाही' ऐकायची रुपरावांची छाती नव्हती. न विचारता सारी उमर काढली. दारातून प्रेमिलाबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, बोला, बोला! रुपरावांनी हात जोडले. एवढे संस्कृतचे पंडित, पण ऐन वेळी कामाचा एकही शब्द आठवेना. जे कुहीच्या गोठ्यात पाठ झालेलं, तेच बाहेर पडलं.

"आज आवतण घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

नत्थू फस्सकन हसला. शामलानं त्याला कोपरानं ढोसलं. नानाजी हसले नाहीत. त्यांनी शाल खांद्यावर नीट केली आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"